गंगव्वा आणि दारातला मिस्त्री

मानवी संस्कृतीचा इतिहास हा शेवटी पाण्याला उतार देण्याचा इतिहास आहे, असं पुष्कळ वाचनानंतर माझं मत झालेलं आहे. माणसानं अग्नी शोधला, चाक शोधलं, लिपी शोधली, हे सगळं ठीक. पण वापरलेलं पाणी आपल्यापासून लांब कसं घालवायचं हे त्याला ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी तो खरा सुसंस्कृत झाला. सोलापुरात आमच्या घरी ही संस्कृती बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी पोचली. न्हाणीघरातून निघाली ती थेट स्वयंपाकघरात पिठाच्या डब्याखाली जाऊन थांबली.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. ते कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले आणि घरात करण्यासारखं काही न उरल्यामुळे त्यांनी मागच्या अंगणातली पत्र्याची मोरी पाडून तिथे, स्वयंपाकघराला लागून, पक्कं बाथरूम बांधायला काढलं. ‘मोरी’ हा शब्द त्या दिवसापासून घरात बंद झाला. आईच्या तोंडून चुकून निघाला तर दादा म्हणायचे, “मोरीच म्हणायचं असेल तर ती होतीच की.”

बांधणाऱ्या कंत्राटदाराचं नाव मी सांगत नाही. त्यानं बांधलेल्या घरांतून अजून लोक राहतात आणि त्यांना आधीच पुरेसा त्रास आहे. तो स्कूटरवरून यायचा आणि पिशवीतून पाणसळ काढायचा, ती एखाद्या गवयानं तंबोरा काढावा तशी. शेवटच्या दिवशी त्यानं चकचकीत मोझॅक फरशीवर ती पाणसळ ठेवली आणि आम्हा सगळ्यांना एकेक करून वाकून बघायला लावलं. काचेतला बुडबुडा बरोबर मधोमध होता. “एका केसाचा फरक नाही साहेब,” तो म्हणाला. “कॅरम खेळा.”

बाथरूमची फरशी कॅरम खेळण्यासाठी नसते, हे आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात आलं नाही. दादांनी नारळ फोडला. नारळाचं पाणी जिथे सांडलं तिथेच संध्याकाळपर्यंत राहिलं. तो शुभशकुन समजला गेला.

पहिल्या आंघोळीचं पाणी चारी दिशांना सारखं पसरलं आणि स्वयंपाकघरात गेलं. मग दुसरे गवंडी आले. त्यांनी दाराशी चार बोटं उंच उंबरा घातला, तेव्हा पाणी आत घोट्याएवढं साठायला लागलं. तिसऱ्यांनी फरशी उचकटून उतार दिला. तो दादांच्या देखरेखीखाली स्वयंपाकघरापासून लांब दिला गेला. पाणी जायचं भोक स्वयंपाकघराच्या बाजूलाच होतं, हा मुद्दा देखरेखीतून सुटला. आता ते भोक बाथरूममधलं सर्वांत कोरडं ठिकाण झालं.

त्या तिसऱ्या दुरुस्तीनंतर आठ दिवसांत आई त्या चकचकीत फरशीवर घसरली आणि तिचा उजवा हात मनगटापासून प्लास्टरमध्ये गेला. दोन महिन्यांनी माझी बहीण पहिल्या बाळंतपणाला यायची होती. आईनं तोवर निम्म्या गल्लीची बाळं आपल्या पायांवर घालून न्हाऊ घातली होती. ती दादांना एवढंच म्हणाली, “हात बरा होईल. पण त्या खोलीत मी बाळ घेऊन बसणार नाही.”

आणि मग पिठाच्या गिरणीत कुणीतरी आईला नाव सांगितलं: भीमण्णा मिस्त्री. दुसऱ्यानं बिघडवलेलं काम तेवढं घेतो, नवीन घेत नाही.

भीमण्णा मिस्त्री आला तेव्हा दादा खुर्चीतून अर्धे उठले. तशी व्यक्ती आमच्या दारात क्वचितच यायची. पांढराशुभ्र फेटा, कानापर्यंत मिशा, कपाळावर भस्माचे तीन पट्टे आणि हातात आरशासारखी लखलखीत थापी. त्याच्या मागून साठीच्या आसपासची एक किडकिडीत बाई आली. इरकली लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर घमेलं आणि घमेल्यात दोरी, छन्नी, हातोडी. ही त्याची बहीण, गंगव्वा. बिगारी.

दादांनी खुर्ची पुढे केली. भीमण्णानं ती नाकारली. त्यानं बाथरूमच्या दाराशी घमेलं पालथं घातलं, त्यावर बसला आणि थापी गुडघ्यावर उभी धरली. दादांनी त्याला सगळा इतिहास सांगितला, पाणसळीच्या बुडबुड्यासकट. अर्धा तास लागला. भीमण्णानं डोळे अर्धवट मिटून तो ऐकला आणि म्हणाला,

“बघू की.”

दादा आत येऊन आईला म्हणाले, “माणूस जाणकार आहे. कमी बोलतो.”

तोवर गंगव्वानं आईकडून तांब्याभर पाणी आणि चिमूटभर हळद मागून घेतली होती. हळद पाण्यात कालवून ती बाथरूमच्या मधोमध उकिडवी बसली आणि तांब्या सावकाश कलता केला. हळदीचं पाणी पाहून दादांनी चपला काढल्या, टोपी सारखी केली आणि हात जोडले.

गंगव्वानं मान वळवून पाहिलं. “मालक, पूजा न्हाय ही,” ती म्हणाली. “पानी कुटं थांबतंय त्ये बगतीय. हळदीचा डाग खोटं बोलत न्हाय.”

दादांनी हात सोडले, पण चपला घालायला त्यांना जरा वेळ लागला.

पाणी वाळेपर्यंत ती तशीच बसून होती. मधूनच ती पाण्याला कानडीत काहीतरी म्हणायची: “होगु, होगु.” आपण अंगणातल्या कोंबडीला हाकलतो त्या सुरात. होगु म्हणजे जा. पाणी कुठेही गेलं नाही. ती पिवळ्या डागांकडे बघत राहिली, आणि आधी कुणी काम केलं होतं हे तिनं विचारलं नाही. पुढेही कधी विचारलं नाही. दादा आपणहून कंत्राटदाराबद्दल सांगायला लागले की ती म्हणायची, “ऱ्हाऊ द्या की. फरशी सांगतीय समदं.”

खरा मिस्त्री कोण हे आईला पहिल्या तासात कळलं. दादांना दोन दिवस लागले. वाळू आणि सिमेंटचं प्रमाण काय धरणार, असं त्यांनी भीमण्णाला तीन वेळा विचारलं आणि तीनही वेळा “बघू की” हे उत्तर मिळालं, तेव्हा आतून आवाज आला.

“मालक, त्याला काय इचारता? त्यो कापडाच्या गिरनीच्या फाटकावर रखवालदार हुता. तीस वर्सं नुस्तं बसून काढली. म्हनून तर आनलाय त्याला.”

भीमण्णानं या विधानाला मान हलवून दुजोरा दिला.

मग हळूहळू सगळं कळलं. गंगव्वा मूळची मंद्रूपकडची. नवरा गवंडी होता. तो थापी धरायचा, ही माल द्यायची. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कितीतरी शेडांचा माल तिच्या डोक्यावरून गेला होता. शेवटच्या पाच वर्षांत नवऱ्याचे हात थरथरायला लागले. तेव्हापासून भिंतीच्या आतल्या बाजूनं ती लावायची आणि बाहेरच्या बाजूला तो दिसायचा. तो गेल्यावर ती त्याची थापी घेऊन एकटी दोन घरी गेली. दोन्हीकडून परत पाठवली गेली.

“बाईच्या हातात थापी दिसली की मालकाला सरळ भिंत बी वाकडी दिसतीय,” तिनं आईला सांगितलं. “दारात फेटेवाला बसला की वाकडी बी सरळ.”

“पण खरं काय ते सांगून टाकलंस तर?” आई म्हणाली. “काम तर चांगलं करतेस.”

“कुनाला सांगू, अक्का? मालक ऐकल बी यकांदा. गवंडी ऐकतील व्हय? नाक्यावर कळलं की ही फरशी लावतीय, तर बिगारी म्हनून बी कुनी उभी करनार न्हाय. थापी बी जाईल आन घमेलं बी जाईल. मग मी खाऊ काय?”

नाका म्हणजे सकाळी गवंडी आणि बिगारी कामासाठी जिथे उभे राहतात तो चौक. गंगव्वाचं सगळं आयुष्य त्या चौकाला काय माहीत आहे आणि काय माहीत नाही यावर उभं होतं.

दादांना वाईट वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. ‘जाणकार’ हा त्यांचा शेरा होता आणि बत्तीस वर्षांच्या नोकरीत त्यांचा शेरा खाली पडला नव्हता. एक दिवस ते भीमण्णाशी बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आलं की आपलं बोलणं पूर्ण ऐकून घेणारा घरात तो एकच माणूस आहे. खुर्ची पुन्हा दाराशी गेली.

फरशी उकरून झाल्यावर गंगव्वानं आईला बोलावलं. “अक्का, या. बसा आन पाय पसरा.”

“आता? कोरड्यात?”

“कोरड्यातच मापायचं असतंय.”

आई प्लास्टरचा हात सावरत पाटावर बसली आणि पाय लांब केले. गंगव्वानं टॉवेलची गुंडाळी करून ती तिच्या नडग्यांवर पालथी घातली, बाळ घालतात तशी. मग दोरी घेऊन कमरेपासून टाचेपर्यंत माप घेतलं आणि दोरीला गाठ मारली. टाचेपासून भोकापर्यंत दुसरं माप, दुसरी गाठ.

दादा दारातून म्हणाले, “बाथरूमचं माप फुटांत घेतात, बाई.”

“घ्या की तुमी फुटात. बाळ फुटात बसत न्हाय, आजीच्या पायावर निजतंय.” ती टाचेकडची उकरलेली जमीन थापटत म्हणाली, “ह्या आंगाला पानी जायला पायजे. मांडीकडं आलं की आजी उठाया बगतीय, आन उठली की घसरतीय. समदे गवंडी हितंच चुकत्यात.”

“का बरं?”

“गवंडी हिरीवर न्हातोय, मालक. त्याचं पानी त्याच्या मागं येत न्हाय.”

एवढं शास्त्र आमच्या घरात त्याआधी कुणी बोललं नव्हतं. माझ्याकडे तेव्हा रोमन स्नानगृहांवरचं एक जाडजूड पुस्तक होतं. त्यात पाणी कुठून आणलं यावर चाळीस पानं होती. आजी कुठे बसेल यावर काही नव्हतं.

मोझॅकचा ढीग रस्त्याकडेला गेला. त्या जागी खरबरीत शहाबादी आली आणि आई जिथे पाय टेकणार तेवढ्या जागेवर गंगव्वानं छन्नीनं बारीक टवके काढले. काम करताना ती नवऱ्याची थापी वापरायची. झिजून ती बोटभर कमी झाली होती आणि मुठीला त्याच्या अंगठ्याचा खळगा पडला होता. तिचा अंगठा त्या खळग्यात बसायचा नाही, म्हणून तिनं तिथे चिंधी गुंडाळली होती. भीमण्णाच्या हातातली लखलखीत थापी मात्र तिनं त्याच्यासाठी मुद्दाम विकत घेतलेली होती. ती कधीच ओली झाली नाही.

भीमण्णाचं काम एकच होतं, दारात बसणं, आणि ते त्यानं एकदाच चुकवलं. शेवटच्या दिवशी, दुपारी, चहाच्या तलफेनं तो कोपऱ्यावर गेला. तेवढ्यात स्कूटर वाजली.

आपलं मोझॅक रस्त्यावर पडल्याचं कंत्राटदाराला कळलं होतं. तो थेट मागच्या अंगणात आला. गंगव्वानं त्याला पाहिलं मात्र, थापी खाली ठेवली आणि घमेलं उचललं. इतक्या वर्षांची सवय. विचार करावा लागला नाही. पण थापीवर ओला माल होता आणि तो फरशीवर ठिबकत होता.

“मिस्त्री कुठाय?” त्यानं विचारलं.

त्याची नजर खाली गेली.

“ही ओली थापी कुणाची?” तो गंगव्वाकडे वळला. “तू लावतीस काय गं फरशी?”

“मी माल देती, साहेब.”

“बघू हात. माल देनारीच्या अंगठ्याला घट्टा कशाला पडतोय? नाक्यावर जाऊन सांगू का? बाई मिस्त्री झालीय म्हनून?” आणि तो हसला. ते हसू नाक्यावर कसं ऐकू जाईल हे तिथे उभ्या असलेल्या सगळ्यांना कळलं. गंगव्वानं घमेलं पोटाशी धरलं आणि अंगठा त्याच्या कडेखाली लपवला.

दादा खुर्चीत बसले होते. धोतर, बंडी, काळी टोपी. आपण आयुष्यात खोट्या कागदावर सही केली नाही, हे ते आम्हाला महिन्यातून दोनदा सांगत.

“माझी,” ते म्हणाले.

“काय?”

“थापी. माझी आहे. निवृत्तीनंतर वेळ जात नाही.”

कंत्राटदारानं त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. “असं होय? लावा की मग एक. बघू दे आम्हाला बी.”

नळाखालची एकच फरशी राहिली होती. दादांनी टोपी सारखी केली, धोतर आवरलं आणि उंबरा ओलांडून आत गेले. गंगव्वानं त्यांच्यापुढे माल टाकला, बरोबर लागेल तेवढाच. बिगाऱ्यानं मिस्त्रीला द्यावा तसा, मान खाली घालून. दादा तो पसरताना ती ओठांतल्या ओठांत म्हणत होती, “मेल्लगे, मेल्लगे.” म्हणजे सावकाश. दादांना कानडी येत नव्हती. त्यांनी फरशी उचलली, ठेवली आणि थापीच्या मुठीनं चार ठोके मारले, आवक-जावकचा शिक्का मारावा तसे. मग उठून उभे राहिले.

कंत्राटदारानं पिशवीतून पाणसळ काढली आणि त्या फरशीवर ठेवली. बुडबुडा एका टोकाला जाऊन चिकटला.

“वाकडी बसलीय,” तो म्हणाला.

“बाथरूम आहे,” दादा म्हणाले. “कॅरम नाही.”

तो गेला. नाक्यावर त्यानं सांगितलं ते एवढंच, की अमुक गल्लीतल्या म्हाताऱ्या हेडक्लार्कच्या डोक्यावर परिणाम झालाय आणि तो स्वतः फरश्या लावत बसतोय. गंगव्वाचं नाव निघालं नाही. दादांची ख्याती मात्र पार भाजी मंडईपर्यंत गेली आणि पुढे वर्षभर लोक त्यांना फार सौम्य आवाजात प्रकृती विचारत.

भीमण्णा चहा पिऊन परतला. झालेला प्रकार त्याला सांगितला. त्यानं ती फरशी बराच वेळ निरखली आणि माझ्या माहितीतलं त्याचं एकमेव तांत्रिक मत दिलं.

“वाकडी हाय.”

“ती काढून नीट लाव गं,” आई गंगव्वाला म्हणाली. “माल ओला आहे तोवर.”

गंगव्वानं तांब्या घेतला, पाणी ओतलं. बाकी सगळं पाणी एका ओळीत भोकाकडे गेलं. नळाखाली चमचाभर राहिलं. जिनं जन्मभर लोकांची वाकडी कामं उचकटली, ती त्या चमचाभर पाण्याकडे बघत बसली.

“ऱ्हाऊ द्या, अक्का,” ती म्हणाली. “मालकांची हाय ती.”

बहीण आली, मुलगी झाली, आईचं प्लास्टर निघालं. बाळाच्या पहिल्या आंघोळीला गंगव्वा न बोलावता आली. दारात उभी राहिली. आई पाय पसरून बसली, बाळ पायांवर पालथं, बहीण पाणी घालत होती. सगळ्या बायका बाळाकडे बघत होत्या. गंगव्वा फरशीकडे बघत होती. “होगु, होगु,” ती पुटपुटली. पाणी टाचेवरून निघालं आणि कुठेही न रेंगाळता गेलं. भोक गुडगुडलं. मगच तिनं मान वर करून विचारलं, “पोरगी हाय व्हय?”

भीमण्णा पुढच्या उन्हाळ्यात गेला. दहा-पंधरा दिवसांनी गंगव्वा आमच्याकडे आली आणि ओसरीवर बसली. लखलखीत थापी तिनं फडक्यात गुंडाळून आणली होती. पलीकडच्या गल्लीतल्या वकिलांचं बाथरूम बिघडलं होतं, त्यांनी मिस्त्रीला बोलावलं होतं.

“मग जायचं की,” आई म्हणाली.

“दारात बसाया मानूस न्हाय.”

ती काही मागत नव्हती. आज नळाला पाणी नाही असं सांगावं तसं तिनं सांगितलं. आईनं चहा दिला. तो ती पिऊन उठणार, तेवढ्यात दादांनी खुंटीवरची टोपी घेतली, फडकं सोडलं आणि थापी उचलली.

“कुठे निघालात?” आईनं विचारलं.

“कामावर.”

त्या संध्याकाळी कॉलेजातून सायकलीवर परत येताना मी वकिलांच्या बोळातून आलो. मागचं दार उघडं होतं. आत गंगव्वाची पाठ दिसत होती. ती उकिडवी बसली होती, शेजारी हळदीच्या पाण्याचा तांब्या होता आणि कोपर एका लयीत पुढे-मागे होत होतं. तिनं मागे वळून पाहिलं नाही. मागे बघायची तिला आता गरज नव्हती. दाराशी पालथ्या घमेल्यावर दादा बसले होते, थापी गुडघ्यावर उभी धरून. वकील समोर उभे राहून त्यांना आपल्या बाथरूमचा इतिहास पहिल्यापासून सांगत होते. दादांनी तो डोळे अर्धवट मिटून ऐकला आणि म्हणाले,

“बघू की.”

आमच्या घरी नळाखालच्या फरशीवर अजूनही चमचाभर पाणी साचतं.